उरल्यातले रविवार

प्रशिक,

बसवत नाहीये. हे लिहायला घेतल्यापासून कितीतरी वेळा उठले. गॅस बंद आहे का ते पाहिलं. गच्चीवरचे कपडे काढून आणले, ते ओलेच होते, परत वाळत घालून आले. आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय चाललंय तुझं?" काय सांगू? तुझ्याशी भांडायचं राहिलंय, आणि तू भांडायला नाहीस.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. मी अजून नीट रडलेली नाही. रडायच्या आधी राग येतो, आणि तो आला की मला चालत सुटावंसं वाटतं. राग एका प्रश्नाचा आहे. लोक आधी म्हणतात, "फार वाईट झालं." मग इकडेतिकडे बघतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "खरं सांग, काय झालं होतं नेमकं?"

"डेंगू," मी सांगते. "प्लेटलेट उतरले, परत वर आलेच नाहीत."

ते मान डोलावतात. पण ती मान 'पोरगी लपवून राहिली' असंच म्हणत असते. तुमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी तर मला दवाखान्याच्या जिन्यातच धरलं. "त्याच्या त्या डोक्याच्या गोळ्या चालू होत्या ना? जास्ती तं नाही घेतल्या?" तेव्हा तू वर होतास, प्रशिक. तुझा श्वास चालू होता.

तू हे ऐकलं असतंस तर हसला असतास. "पाह्य, साधा मच्छर चावून मराची पण इज्जत नाही आपल्याले." असंच काहीतरी बोलला असतास, आणि मी तुला मारायला धावले असते. मला मात्र हसू येत नाही. आणि मी लिहितेय ती ही मराठी वाचूनही तू चिडवलंच असतंस, की ही पुस्तकातली भाषा कुठून काढली, आपण असे बोलतो काय? नाही बोलत. पण इथल्या हिंदी शाळेत असतानाच आईनं मला जबरदस्तीनं मराठी वाचायला शिकवलं, आणि मनातलं लिहायला घेतलं की हीच भाषा येते.

आपली ओळख कुठे झाली हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सरकारी दवाखाना, मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेरचा लोखंडी बाक. काही दिवस आधी मी एम.एस्सी.च्या पेपरमधून उठून आले होते. पेपर येत होता, पहिलं पान भरलंही होतं. मग छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, सगळ्या हॉलला ऐकू जातंय. त्यानंतर परीक्षा तर सोडाच, साध्या बसमध्ये चढायचं म्हटलं तरी तेच व्हायचं. बाबा सोबत आले होते, पण ते बाहेर स्कूटरपाशीच थांबले. म्हणाले, इथून गाड्या उचलून नेतात.

तू शेजारी बसून बाकाच्या दांडीवर बोटं वाजवत होतास. टकटक, टकटक. मी बराच वेळ सहन केलं, मग म्हटलं, "भैया, प्लीज. बंद कीजिए ना."

"बंद किया तो पैर हिलेगा," तू म्हणालास. "पैर हिला तो पूरी बेंच हिलेगी."

तेवढ्यात आईचा फोन आला. "नाही गं, नंबर नाही आला अजून," मी म्हटलं, आणि तुझी बोटं थांबली. "तुम्ही मराठी?" तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसं काही आपण दवाखान्यात नाही, कुणाच्या लग्नात भेटलो आहोत. तुझे आजोबा भंडाऱ्याहून इकडे रेल्वेत नोकरीला आले, वडील मालगाडीचे गार्ड, तू शहराबाहेर उरल्याला, लोखंडाच्या एका रोलिंग मिलच्या स्टोअरमध्ये कामाला. सगळं एका दमात सांगितलंस. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढलीस, एक गोळी तोंडात टाकलीस, वर पाणी प्यायलास. सगळ्यांसमोर. मी माझी पट्टी रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवत असे.

"रविवारी उरलाले या," तू म्हणालास. "आम्ही वाजवतो."

"काय वाजवता?"

"जे सापडन ते."

मी लगेच आले नाही. येऊ की नको करण्यातच खूप दिवस गेले. आले तेव्हा घरी एवढंच सांगितलं की संगीताचा क्लास आहे. संगीत! मिलच्या मागची ती पत्र्याची शेड, तुझ्या मालकानं रविवारपुरती दिलेली. तेलाचे ड्रम, रंगाचे डबे, लोखंडी प्लेटांचे तुकडे, आणि सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या काठ्या. शेजारची मिल रविवारीही चालू असायची. तू म्हणालास, "इथं किती बी बडवा, कोणाले ऐकू जात नाही. आणि गावाचं नावच उरला. जे बाकी ठिकाणी उरलं ते इथं येते. भंगार बी, आपण बी."

आपण आठ-दहा जण असू. कुणी कॉलेज सोडलेलं, कुणी नोकरी. कुणी कुणाला 'काय झालंय' असं विचारायचं नाही, एवढा एकच नियम होता. ज्याला सांगायचं तो सांगे, बाकीचे वाजवत. मी आधी चित्रकलेच्या एका शिबिराला गेले होते. तिथे सगळे शांत बसून रंग भरत होते आणि मला मांडी घालून बसणंच जमेना. तुझ्याकडे बसायची सक्ती नव्हती. बरेच जण उभ्यानंच वाजवायचे, येरझाऱ्या घालत, घामाघूम होत.

एकदा मागच्या गेटातून एक ट्रक रिव्हर्स आला आणि त्या आवाजानं माझी छाती धडधडत सुटली. मी दाराकडे निघाले. तू वाट अडवली नाहीस, फक्त विचारलंस, "काय स्पीड हाय? वाजवून दाखव."

"मला श्वास येत नाहीये आणि तू..."

"म्हणूनच म्हणतो. दाखव."

मी रागानं एका डब्यावर मारत सुटले. तू तोच वेग तुझ्या हातात घेतलास. मग दुसऱ्यानं घेतला, मग सगळ्यांनी. पूर्ण शेड माझ्या छातीसारखी धडधडायला लागली. पहिल्यांदाच ते माझ्या आत नव्हतं. बाहेर होतं, आणि इतक्या जणांनी ते धरून ठेवलं होतं. मग तू वेग उतरवत नेलास, इतका हळू की कुणाला कळलं नाही. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी नीट श्वास घेतेय. तू चहा सांगायला निघून गेलास.

आणि दुर्गेश. अभनपूरच्या धान्य दुकानदाराचा मुलगा. मोठा भाऊ गेल्यापासून त्याचं बोलणं बंद झालेलं. तो यायचा, कोपऱ्यातल्या प्लेटवर वाजवायचा, निघून जायचा. त्याचा आवाज कसा आहे हे आपल्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस त्यानं इतक्या जोरात मारलं की काठीच मोडली, आणि तिचा तुकडा त्याच्या बोटाला लागला. तू त्याच्या भाषेत विचारलंस, "लगिस का?"

"हव," तो म्हणाला. हो, लागलं.

आम्ही सगळे थिजलो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तू मात्र मान वर न करता म्हणालास, "तो दूसरी काठी ले ले." त्या एका वाक्याबद्दल मी तुझी किती ऋणी आहे, ते तुला बोलून दाखवायचं राहूनच गेलं. आम्ही जर त्या 'हव'चा गाजावाजा केला असता, तर तो परत कधी बोलला नसता. आता बोलतो. खूप बोलतो. दवाखान्यात तुझ्यासाठी रक्तदाते शोधायला तोच फोनवर होता.

पण तुझं काय? हे मला तुला सारखं विचारायचं असायचं. मध्येच केव्हातरी तू गायब व्हायचास. फोन बंद. आम्ही रेल्वे कॉलनीत तुझ्या घरी यायचो, तुझे बाबा दार उघडायचे आणि आम्हाला बघून अवघडायचे. तुझी आई तू शाळेत असतानाच गेलेली, घरात तुम्ही दोघंच. आतल्या खोलीत तू भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास. "आज नको," एवढंच. बाबा व्हरांड्यात माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवायचे. "पोट्टा चांगला हाय माह्या," एकदा म्हणाले. "त्याची बॅटरी उतरते बस. मले नाही समजत, कुठं लावू चार्जिंगले." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

बरा झालास की मी तुझ्यावर चिडायचे. आम्हाला उचलतं ते तुला का उचलत नाही? असं असेल तर ही सगळी बडवाबडवी खोटी म्हणायची का?

"त्याच्यावर वाचवाचं काम नको टाकू, स्नेहल," तू म्हणालास. "ते वाजवाचं काम हाय. हात उचलते त्या दिवशी वाजवाचं. नाही उचलत त्या दिवशी डॉक्टर, गोळी, झोप. मले वाटलं असतं का हे औषध हाय, तं मी कधीचाच मेलो असतो."

मला हे उत्तर तेव्हा आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. बरोबर आहे, पण आवडत नाही. मला हवं होतं की तुलाही काहीतरी पुरेसं पडावं.

आपलं शेवटचं भांडण वेगळंच होतं. शेडमध्ये वाजवणं तुला आता पुरेना. तुला बाहेर यायचं होतं, पुरानी बस्तीतल्या देवळासमोरच्या चौकात. संध्याकाळी, माणसं असताना. नुसतं वाजवायचं नाही, आपण कोण आहोत तेही सांगायचं.

"तिथे माझे मामा राहतात," मी म्हटलं.

"तं मामाले बी बोलाव."

"चेष्टा नको. इथे कुणाला ऐकू जात नाही, म्हणूनच तर मी इथे येते."

"म्हणूनच मले इथं आता गुदमरते," तू म्हणालास. "तुले लाज वाटते का?"

"लाज नाही. उद्या माझ्या नावासमोर तेवढंच लिहिलं जाईल. तुझ्या नाही का लिहिलेलं? तुमच्या कॉलनीत तुला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"माहीत हाय. सांगून टाकलं ना, का हलकं वाटते. पाह्य तू एकदा."

हे सगळं मिलबाहेरच्या चहाच्या टपरीवर चाललं होतं, आणि तू कपाळाला हात लावून बसला होतास. अंग दुखतंय म्हणालास, उन्हाचं असेल. अर्धा चहा टाकून दिलास. मी वळून पाहिलंही नाही, डोक्यात उत्तरं जुळवत घरी आले. त्या आठवड्यात ताप, मग अंगावर लाल ठिपके, मग दवाखाना. काचेतून मी तुला पाहिलं तेव्हा तुझे हात चादरीवर सरळ ठेवलेले होते. मी तुला कधीच असं पाहिलं नव्हतं. तुझी बोटं हलत नव्हती.

तू गेल्यावरच्या रविवारी आम्ही शेडमध्ये जमलो, आणि कुणीच काठी उचलेना. तेवढ्यात बाहेर एक स्कूटर थांबली. तुझे बाबा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले होते. दारात उभं राहून त्यांनी ते ड्रम, डबे, पत्रे सगळं पाहिलं.

"हे?" ते म्हणाले. "ह्याच्यासाठी तो रविवारी घरी राहत नव्हता?"

त्यांना उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसायला दिलं.

"वाजवा ना मग. मी काय पाहाले आलो?"

आम्ही वाजवलं. वेग धरणारं कुणी नव्हतं, जो तो आपल्या वाटेनं गेला, दोनदा तर मध्येच थांबलो. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसले. मग म्हणाले, "लोकं मले विचारून राहिले. मी सांगतो डेंगू, कोणी मानत नाही. बाप हाय, लपवते, असं म्हणत असन." ते उठून उभे राहिले. "पुण्यानुमोदनाले सगळे येतीन. तिथं वाजवाल काय तुम्ही? आणि सांगाल काय, हा काय करत होता? मले नाही सांगता येत. मले माहीतच नव्हतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकले असते, प्रशिक. हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून रोज मनातल्या मनात नाही म्हणत होते.

विहारात हॉल भरलेला होता. आईला मी फक्त एवढं सांगितलं होतं की क्लासमधला मित्र गेलाय. ती सोबत आली, आणि शेवटच्या रांगेत बसली. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, मग नातेवाईक. तुझे नागपूरचे एक काका उठले. तुझ्यावर त्यांचा जीव होता, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ते म्हणाले, "आजकालची पोरं मनानं कमजोर असतात. आपण सगळ्यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं." लोकांनी माना खाली घातल्या. झालं. ठरलं. तुझ्या मरणाचं कारण त्या दोन वाक्यांत ठरून गेलं.

मी उठले. छाती सुटलीच होती, लपवायला शेड नव्हती. माईकपर्यंत गेले.

"माझं नाव स्नेहल," मी म्हटलं. "प्रशिक डेंगूनं गेला." आवाज फाटला. परत म्हटलं, "डेंगूनं गेला. त्याला दुसराही एक आजार होता. त्याचं औषध तो रोज घ्यायचा, सगळ्यांसमोर घ्यायचा. त्या आजारात राहूनही त्यानं आमच्यासारख्या पोरांना जमवलं. मलाही तो... मलाही आजार आहे. मीही औषध घेते. तो कमजोर नव्हता."

पुढचं ठरवून आणलेलं सगळं विसरले. दुर्गेश त्याची प्लेट घेऊन उठला आणि माझ्याकडे बघून वाजवायला लागला. माझ्याच छातीचा वेग. त्यानं कसा ओळखला, माहीत नाही. मागून बाकीचे आले. हॉलमध्ये आवाज घुमत होता, एक बाळ किंचाळून रडायला लागलं, दोघं-चौघं उठून बाहेर गेले. फार काही चांगलं वाजलं नाही. तुझे बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते, चालत्या मालगाडीत गार्ड बसत असेल तसे. काका नंतर माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवून गेले.

परतताना आई स्कूटरवर मागे बसली होती. मग फाटकाशी म्हणाली, "त्याच्याबद्दल सांगाचं होतं तं सांगाचं. आपल्याबद्दल काहून सांगतलं?"

मी स्कूटर आत घेतली. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. आई म्हणत होती, "नाही हो, तसं काही नाही. बीपीचा त्रास आहे तिला." मी दाराआड उभी होते. बोलता बोलता ती पुसलेलाच ओटा परत पुसत होती.

तर ऐक, प्रशिक. आपलं भांडण मिटलेलं नाही. हलकं वाटतं म्हणाला होतास. नाही वाटलं. उघडं वाटलं, भर बाजारात ओढणी उडून गेल्यासारखं. अजून वाटतं. वाण्याकडे गेले तरी वाटतं की हा मला नवीन नजरेनं बघतोय. तुझं चुकलं होतं, निदान अर्धं चुकलं होतं, आणि हे तुला ऐकवायला तू नाहीस, याची मला इतकी चीड येते की मी परत उठून गच्चीवर जाऊन आले.

कपडे वाळलेत.

उरलेलं अर्धं सांगते. विहारातून निघताना चपलांच्या गर्दीत एका बाईंनी माझा हात धरला. मी त्यांना ओळखत नव्हते. कुजबुजत म्हणाल्या, "माझी पोट्टी बारावीनंतर घरातच बसून राहते. कोणाशी बोलत नाही. तुमचं ते रविवारचं कुठं असते?"

परवा रविवारी त्यांची पोरगी आली. तिची आई तिला गेटाशी सोडून लगेच निघून गेली, थांबली असती तर रडली असती बहुतेक. सडपातळ, ओढणीनं कान झाकलेले, नजर जमिनीवर. मी मराठीत बोलले, तिनं हिंदीत उत्तर दिलं. नाव सांगितलं नाही, आणि आपण विचारत नाही. आम्ही वाजवायला लागलो, आणि ती खूप वेळ दारातच उभी राहिली.

मग म्हणाली, "दीदी, आप लोग बहुत खराब बजाते हो."

मला हसू फुटलं. तू गेल्यानंतरचं पहिलं. "तो तू बजा के दिखा," मी म्हटलं.

ती आत आली. काठ्या ठेवलेल्या फळीवरून एक काठी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ तुझ्या निळ्या ड्रमकडे गेली. त्याला आमच्यातल्या कुणी अजून हात लावला नव्हता. धूळही पुसली नव्हती. तिला काय माहीत? तिला तो फक्त एक रिकामा ड्रम दिसला. तिनं काठी उगारली तसा दुर्गेश तिला थांबवायला उठला.

मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.